बुरुजाखाली थांबवलेली कॅसेट

या, जवळ या जरा. तिकडं दाराशी बसून अर्धं ऐकायचं आणि मग गावभर उलटं सांगायचं, हे माझ्याकडे चालत नाही. आणि बेबी, तू सुद्धा ये. हे अनुभवांचं सदर तू दर महिन्याला वाचतेस, मला माहीत आहे… तूच तर मला त्याची सवय लावलीस. फोनवर मी गडाचं नाव काढलं की तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जातं. आईशी असं वागतात का गं? म्हणून इथे लिहिते आहे. आता ठेव फोन!

आधी सांगून टाकते — भुतंखेतं, भास, सावल्या, यातलं काहीच मी मानत नव्हते. मानणार कशी? मी रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याची बायको. आरमोरीत एस.टी. स्टँडजवळ आमचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. शाळा माझी चौथीपर्यंतच. पुढचं सगळं वाचन दुकानात सुटे भाग बांधायला आणलेल्या रद्दीवर झालं. तर लोक आमच्याकडे भूत लागलेले रेडिओ घेऊन यायचे. "बाई, बंद केला तरी बोलते हा!" आमचे हे काही न बोलता चार स्क्रू काढायचे. आतून कधी पाल निघायची, कधी मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड. भूत म्हणजे आमच्या घरी एवढंच.

हे, म्हणजे बेबीचे बाबा, मूळचे वैरागडचे. आरमोरीहून जीपनं पुढे जावं लागतं. गावाला लागून जुना किल्ला आहे. भोवती खंदक, आत पडक्या भिंती, विहिरी, आणि झाडी इतकी की भिंतीतून झाड निघालंय की झाडातून भिंत, ते कळत नाही. ह्यांचं बालपण तिथंच गेलेलं. लग्नानंतर मला दोनदा नेलं होतं दाखवायला, पण दाखवलं काय? ह्यांची चाल अशी की बाजार असो, जत्रा असो, गड असो, हे पुढे आणि मी पिशव्या सांभाळत मागे. आमच्याकडे पुरुषमाणूस पुढेच चालतो म्हणा, पण हे तर दिसेनासेच व्हायचे.

"अजी, जरा थांबान!" मी ओरडायची. "तोंड विसरली मी तुमचं. मानेवरचा तीळच पाहून राह्यली लग्नापासून."

"मंग काय झालं? तीळ चांगला हाये," असं न थांबताच म्हणायचे.

ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची. चंद्रपूरचा एक इंजिनियर होता, त्याची सासुरवाडी आरमोरीची. तो परदेशात जाऊन आला आणि त्याचा अडकलेला वॉकमन ह्यांच्याकडे दुरुस्तीला आला. आत एक कॅसेट होती. मेक्सिको देशात माया म्हणून जुने लोक होते, त्यांच्या जंगलातल्या पडक्या देवळांची. इंजिनियरनं समजावलं की तिथं ती कानाला लावून एकट्यानं फिरायचं. कॅसेटमधला माणूस सांगतो — इथे उभे राहा, वर बघा, आता डावीकडे चला. ह्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी वॉकमन दुरुस्त झाल्यावर सबंध दिवस ती ऐकत बसले.

"पाह्य व, माणूस तिथी नाई, अन् बोट धरून फिरवते!" जेवताना म्हणाले. "त्याइच्या दगडांले कॅसेट, अन् आमच्या गडाले काऊन नाई?"

झालं. वॉकमन परत गेला, पण ह्यांनी कुठून तरी एक जुना मिळवला, रेकॉर्डर घेतला आणि रविवार-रविवार गडावर जायला लागले. पहिली कॅसेट माझ्यासाठी, ट्रायल म्हणून. "तुले समजलं त साऱ्या जगाले समजन."

"माझी अक्कल मोजून राह्यले का?"

"अक्कल नाई. चाल. तुझ्या चालीनं कॅसेट भरून राह्यलो."

त्या मेक्सिकोवाल्या कॅसेटमध्ये एक जागा सांगून झाली की दुसरीकडे पोचेपर्यंत शांतता ठेवलेली होती. ते ह्यांना पटलं नाही. म्हणाले, टेप मुकी चालली की गिऱ्हाइकाला वाटतं सेल गेले, आणि ते भांडायला येतं. म्हणून ह्यांनी मधल्या वेळात गुणगुणायचं ठरवलं. गाणं-बिणं नाही हो, सोल्डरिंग करताना नाकातल्या नाकात चालायची ती ह्यांची कायमची गुणगुण. ऐकणारा चालत राहील, हे गुणगुणत राहतील.

आणि मग पावसाळ्याच्या तोंडाशी, दुकानात बसल्या जागी हे गेले. हातातली गरम सोल्डरिंग गन टेबलावर पडली, तिचा काळा डाग अजून आहे. मी मागे भाजी चिरत होते. गुणगुण थांबली म्हणून बाहेर आले…

जाऊ द्या.

कॅसेट मी बऱ्याच दिवसांनी लावली, दुकानातल्याच टेपवर. ह्यांचा आवाज आला, अगदी भाषणाचा: "नमस्कार, पर्यटक बंधू-भगिनींनो!… म्हंजे तूच व. गडाच्या दाराच्या चौकटीखाली उभी राह्य. वर दगडात फुलं कोरली हायेत, पाह्यली? आता सरळ विहिरीपाशी चाल. मी हावोच." आणि मग गुणगुण. नुसती गुणगुण, ती कॅसेटची बाजू संपून खट्कन बटण उडेपर्यंत. दुसरी बाजू कोरी. दुकान पुढे ज्यांनी चालवायला घेतलं त्या गजूभाऊंनी दोन-तीनदा लावून पाहिली. "वैनी, भाऊनं एवढीच भरली. पुढचं राह्यलं असन," म्हणाले. मी पदराला डोळे पुसले आणि कॅसेट कपाटात ठेवली.

दोन वर्षांनी वैरागडला पुतण्याचं लग्न निघालं. निघताना काय वाटलं कोण जाणे, वॉकमन पिशवीत टाकला. हळदीच्या दिवशी दुपारी बायका गप्पांत रंगल्या, तशी मी गडावर गेले. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. चौकटीखाली उभी राहिले, बटण दाबलं. नमस्कार झाला, फुलं झाली, गुणगुण सुरू झाली. मी विहिरीकडे निघाले.

जागा तशी लांब नाही. पण माझे गुडघे तोवर गेले होते. मध्ये एका पडलेल्या दगडावर बसले, दम खाल्ला, उठले. कानात गुणगुण चालूच. मनात म्हटलं, चला, निदान सोबत तरी आहे. विहिरीपाशी पोचले, कठड्याला हात टेकवला… आणि गुणगुण थांबली.

"आली का व? बस जराशी."

मी हेडफोन काढून फेकलाच म्हणा ना. कठड्याशीच बसले. रडले. मग टेप मागे गुंडाळली आणि गुपचूप लग्नघरी परतले. घरी आल्यावर पुन्हा लावली तर तीच गुणगुण, बाजू संपेपर्यंत. "आली का" कुठेच नाही.

बेबी तेव्हा नागपूरला बँकेत होती. तिला सांगितलं तर हसली. "आई, टेप ताणली असेल. नाहीतर सेल वीक असतील."

"मले सेल नको शिकवू. सेल वीक झाले त आवाज जाडा होते, माणूस नवीन बोलत नाई," मी म्हटलं. "चाल माझ्यासंग."

आली बिचारी. चौकटीखाली तिनंच हेडफोन लावला आणि निघाली. काय तिची चाल! हुबेहूब बाप. मी अर्ध्यात होते तेव्हा ती विहिरीपाशी पोचून कठड्याला टेकलीसुद्धा. तिथून ओरडली, "काही नाही गं, आई! गुणगुणच चालू आहे. मी म्हटलं नव्हतं?"

"थांब तिथीच," मी म्हटलं. "मले येऊ दे."

माझं आपलं पाय ओढत चाललेलं. ती वैतागून झाडाची पानं तोडत होती. मी पोचले, कठड्याला हात टेकवला. आणि पोरीचा चेहरा… कसं सांगू? ती ओरडली नाही. शाळेतून येताना मागून बाबांची सायकल आली की ती जशी वळून बघायची, तशी गर्रकन वळली. मागे कोणी नव्हतं.

"'आली का' म्हणाले," ती हळूच म्हणाली. "मला नाही. मी केव्हाची उभी आहे. तुला म्हणाले."

मग आम्ही दोघींनी हेडफोनची एकेक वाटी एकेक कानाला धरली आणि डोक्याला डोकं लावून ऐकलं. इथे लहानपणी विहिरीत उड्या मारायचो, एकदा चड्डी झाडाला अडकली, ते ह्यांनी सांगितलं. बेबी हसली आणि रडली. "आता देवळाकडे चाल." तशाच एकमेकींना चिकटून निघालो, मी चार वेळा थांबले, चारही वेळा कानात गुणगुण माझी वाट बघत चालूच. देवळात देव नाही. उंबऱ्याला हात लागल्याबरोबर म्हणाले, "आली? देव कोणं नेला मालूम नाई. पण पणतीचा कोनाडा अजून काळा हाये, बोट लावून पाह्य." मी लावलं. काळं झालं.

"आता शेवटचं. बुरुजावर ये. पायऱ्या तुटल्या हायेत, सावकाश ये. वरून नदी दिसते. तिथी एक गोष्ट सांगाची हाये तुले. घरी बोलता नाई आली मले. ये, मी हावोच."

आणि गुणगुण.

बुरुजाखाली आलो. मी पदर खोचला, बेबीच्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्या पायरीवर पाय टाकणार — तेवढ्यात तिनं वॉकमनच्या खिडकीत पाहिलं. पट्टी अगदी थोडी उरली होती. तिनं बटण दाबून टेप बंद केली.

"काऊन व?"

"नको, आई. चल घरी."

"अवं, ते काय सांगतात ते ऐकू दे ना मले!"

"ते ऐकलं की बाबा संपले," ती म्हणाली.

"अन् नाई ऐकलं त?"

"तर आहेत ना अजून."

तिनं वॉकमन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तो ओढून कसा घ्यायचा? मी खोचलेला पदर सोडला. परत फिरलो. जीपमध्ये सबंध वाटेत तिनं माझा हात सोडला नाही.

त्यानंतर तिचं लग्न झालं, पुण्याला गेली. आरमोरीला येते, पण सणाला, घाईत, आणि वैरागड म्हटलं की गप्प. मी एकदा एकटीनंच चढून पाहिलं. तिसऱ्या पायरीवरच पाय सरकला. खाली गुरं चारणारी एक बाई होती, तिनं धरून उतरवलं आणि चांगलं झापलं, "म्हातारपणी काय गुप्तधन काढाले चालली का व, माय?" टेप लावायची वेळच आली नाही, बरंच झालं.

कॅसेट तेव्हापासून तशीच, त्याच जागी थांबलेली आहे. मी ती मागे गुंडाळली नाही. पुन्हा चौकटीपासून सुरू केलं आणि माझ्याच्यानं बुरुजापर्यंतही पोचणं झालं नाही तर? वॉकमनचे सेल काढून, कॅसेटसकट तो कापडात बांधून ठेवला आहे. गजूभाऊ म्हणतात, इकडच्या पावसाळ्यात पट्टीला बुरशी धरते, मग ती चिकटते आणि लावली की तुटते.

हे असं का होतं, मला विचारू नका. गजूभाऊंना विचारलं, त्या इंजिनियरना विचारलं. ते म्हणाले, बाई, तुमच्या मनाचे खेळ. असतील. पण मग पोरीच्या कानांनी जे ऐकलं ते कोणाच्या मनाचे खेळ? इतकी वर्षं झाली, मला अजून उमगलेलं नाही, आणि आता उमगावं असा हट्टही राहिला नाही.

बेबी, तुझं मला कळतं गं. तू बापाला सांभाळून ठेवलं आहेस. पण मी काय सांगते ते ऐक. हा माणूस जन्मभर पुढे चालत राहिला. एकदाच थांबला, आणि तेही माझ्यासाठी. त्याला असं किती वर्षं उन्हात उभं ठेवायचं? ते संपतील म्हणतेस, संपू दे. निदान मी पोचले हे त्यांना कळू दे.

डॉक्टर म्हणतात गुडघे आता उतरणीचेच. एका बाजूनं तुझा खांदा मिळाला तर चढेन मी, सावकाश. घाई कोणालाच नाही तिथं. वर बसू, एकेक वाटी कानाला लावू.

सेल नवे आणून ठेवले आहेत. ये लवकर.