पुन्हा उघडा, बाई

मावशी आमच्या घरी आल्या की आधी खुर्चीचे चारही पाय हलवून बघत आणि मगच बसत. तीच खुर्ची, तीच फरशी, पंधरा वर्षं! चहा पुढे केला की वास घेऊन विचारत, "दूध आजचंच ना, बाई?" मी शिक्षिका होते, म्हणून सगळ्यांसारखी त्यांनाही मी 'बाई'. त्या कळंबच्या माहेरवाशीण. दिलेल्या होत्या कर्जतजवळच, आणि आठवड्यातून दोनदा आमच्या आळीत भाजी घेऊन येत. रेवा, ईशान, तुम्ही लहानपणी त्यांच्या टोपलीतल्या काकड्या पळवायचात, त्याच या मावशी. तुम्ही परवा फोनवर म्हणालात की आजी कुठलाही दुवा, म्हणजे लिंक, उघडायला फार वेळ लावते. त्याचं कारण या मावशी आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर लावून लावून वाचत. कळंबला नदीकाठी वडिलांची जमीन होती. तिच्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली मावशींचं नाव होतं. आजूबाजूला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्टं उभी राहू लागली, तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भाजी विकून झाली की त्या माझ्या संगणकापुढे येत. "उघडा, बाई." मी सरकारी पान उघडून गाव आणि गट नंबर भरायची. तुम्ही यंत्र नाही ना, असं विचारणारी चौकट आली की मावशी सावध होत. "ह्ये का इचारतंय? आपल्या आदी कोनी यंत्र घेऊन आलतं का?"

नाव दिसलं की त्या पडद्यावर बोट ठेवून ते लावत. मी पान बंद केलं की लगेच प्रश्न येई, "आता कुटं गेलं?"

"जिथे होतं तिथेच आहे, मावशी."

"तितं म्हंजे कोनाच्या घरात?"

मी हसून विषय बदलायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आयुष्यभर फायली नीट लावलेली बाई. कागद म्हणजे कागद, असं मला ठामपणे वाटायचं. मावशींचा संशय हा अडाणीपणा आहे, असंही वाटायचं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

एका सोमवारी त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. भावाच्या मुलाने एक दुवा पाठवला होता. रिसॉर्टवाल्यांना रस्त्यासाठी जमिनीची एक पट्टी हवी होती, तिचा करार होणार होता. शुक्रवारी कर्जतच्या निबंधक कार्यालयात सह्या होत्या. "आत्या, नुसतं बघून ठेव," असं त्याने खाली लिहिलं होतं. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, म्हणून मी तोच दुवा संगणकावर उघडला आणि सगळं मोठ्याने वाचलं. अकरा कलमं होती. सातव्यात स्पष्ट म्हटलं होतं की पट्टी सोडून उरलेल्या जमिनीवर मावशींचा हक्क कायम राहील.

"चोख आहे, मावशी. खुशाल सही करा."

त्यांनी माझ्याकडून एक जुनं पाकीट मागून घेतलं. प्रत्येक कलमाला एक अशा अकरा रेघा ओढल्या आणि सातवीवर फुली मारली. पाकीट पोलक्यात ठेवून त्या निघून गेल्या.

गुरुवारी दुपारी त्या पुन्हा दारात. "बाई, पुन्हा उघडा."

मी वैतागले. "अहो, तेच पुस्तक दोनदा उघडलं म्हणून गोष्ट बदलते का?"

"ह्ये पुस्तक नाय. उघडा."

मी उघडलं आणि वाचू लागले. मावशी पाकिटावर बोट सरकवत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांचं बोट दहाव्या रेघेवर होतं.

"एक खाल्लं तुमी."

मी पुन्हा वाचलं. दहाच होती. सातवं कलम गायब होतं, आणि सहाव्यात एक नवं वाक्य आलं होतं. मावशी आपला सगळा हिस्सा भावाच्या मुलाच्या नावे राजीखुशीने सोडत आहेत, असं ते वाक्य होतं. पानाच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत शेवटचा बदल काल झाल्याचं लिहिलं होतं. तसली ओळ सोमवारीही तिथे असणार, पण मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मुलांनो, तुम्हाला हे ठाऊकच असेल, मला नव्हतं. त्या दुव्याने आपल्या हातात कागद येत नाही, फक्त खिडकी येते. आत बसलेला माणूस हवं तेव्हा सामान हलवू शकतो. माझ्या 'चोख आहे'वर विसंबून मावशी दुसऱ्या दिवशी सगळी जमीन देऊन आल्या असत्या.

शुक्रवारी त्या मला सोबत घेऊन गेल्या. कार्यालयाच्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर, त्यांनी मला छापील करार वाचायला लावला. त्यातही दहाच कलमं निघाली. भाचा हसत म्हणाला, "आत्या, टायपिंगची चूक हाय गं. माणसाकडून व्हते."

"व्हते की. पन तिला माजंच नाव कसं घावलं रं? तुजं का नाय घावलं?"

भाऊ बाकावर मान खाली घालून बसला होता. मावशी त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, तोंडानं मागितली असतीस तर इचार केला असता." सही न करताच आम्ही परतलो. त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही.

त्यानंतरही मावशी दर महिन्याला माझ्याकडे येत राहिल्या. पण एकदा बाजारातल्या झेरॉक्सवाल्याने मला सहज सांगितलं, "तुमच्या त्या भाजीवाल्या मावशी दर महिन्याला तुमच्याकडून निघून माझ्याकडेच येतात. तोच सातबारा पुन्हा उघडून घेतात." मला फार लागलं. दोन दिवस मी त्या झेरॉक्सवाल्यावरच रागावले होते. मग सोमवार ते गुरुवारचा हिशेब मी त्यांच्या बाजूने मांडून पाहिला. अकरा कलमं मी वाचली, 'सही करा' मी म्हणाले, आणि कलम गेलं. मी भाच्याला सामील नव्हते, याचा त्यांच्याकडे पुरावा काय होता? माझा चेहरा? चेहरा तर भावाचाही होता.

पुढच्या महिन्याच्या सोमवारी मी त्यांना कळफलकासमोर बसवलं आणि कुठे काय दाबायचं ते दाखवायला लागले. शिकायला पाच-सहा महिने गेले. गुडघे गेल्यावर त्या मोहोपाड्याला लेकीकडे राहायला गेल्या, आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच वारल्या. त्यांनी माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मोहोपाड्याला जाण्याआधी त्या शेवटच्या आल्या, तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुमी जरा आत जावा." मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बराच वेळ एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी अक्षर लावून लावून स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट.