मुद्देमालाला लावलेलं कुंकू

ही केस आठवली की आजही माझं तोंड कडू होतं. ज्या तपासांत यश आलं ते मी चारचौघांत रंगवून सांगितले, हा मात्र कधी सांगितला नाही. आता पेन्शन खातोय, कुणी माझं काही वाकडं करणार नाही, म्हणून लिहितो. शूरपणा नाही यात.

मी तेव्हा धारवाडजवळच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनमध्ये सापडून एक कामगार जागीच गेला. अशा मशीनला गार्ड असतं. माणसाचा हात आत असला की प्रेस खाली येत नाही. त्या दिवशी गार्ड बंद होतं. मॅनेजर म्हणाला, जास्त काम उरकावं म्हणून कामगाराने स्वतःच ते बंद केलं. गार्ड कधी आणि कुणी बंद केलं याची नोंद ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आपोआप होत असे. नेमका तोच कॉम्प्युटर सुरू होत नव्हता.

"हार्ड डिस्कच गेली सर, आठ दिवस कटकट वाजत होती," मी विचारायच्या आधीच मॅनेजर बोलला. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणारा माणूस मला नेहमीच खटकत आला आहे.

मयताची बायको अळणावरकडच्या एका खेड्यातली. दर दोन दिवसांनी एसटीने यायची आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहायची. नुकसानभरपाईबद्दल तिने मला एकदाही विचारलं नाही.

"अण्णा, गावात म्हणतात, हावरेपणानं जीव घालवला. माझा माणूस हावरा न्हवता. चूक त्याची न्हवती, एवढं तेवढं कागदावर लिवा बगा."

मी 'बघतो' म्हणायचो.

मग एके दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "सर, डिस्क बिघडलेली नाही. डबा उघडून बघा." फोन लगेच बंद झाला.

विद्यानगरच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचे एक शिक्षक आम्हाला अधूनमधून मदत करत. त्यांना घेऊन मी कारखान्यात गेलो आणि पंचांसमोर कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडायला लावलं. आत बोटभर धूळ होती, पण डिस्कची केबल उपसलेली होती आणि तिच्या टोकाजवळच्या धुळीत बोटांचे ठसठशीत माग होते. त्यांनी केबल बसवली, मशीन निमूट सुरू झालं. कटकट नाही, काही नाही. नोंदीची फाइल मात्र पुसलेली होती.

शिक्षकांनी ताबडतोब मशीन बंद केलं. म्हणाले, "सर, पुसलेल्या फाइलचं फक्त नाव जातं. मजकूर डिस्कवर तसाच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि हे मशीन नुसतं सुरू केलं तरी काहीतरी लिहिलं जातं. आता याला हात लावू नका. आजच डिस्क काढून द्या, मी लॅबमध्ये नक्कल करून देतो."

मी म्हणालो, पद्धतीने जाऊ, सरकारी प्रयोगशाळेत पाठवू. दसऱ्याच्या बंदोबस्ताची धावपळ होती. कॅबिनेट गुंडाळून लाखेचं सील लावायला पुरेसं कापड नव्हतं. पंचनाम्यात 'सीलबंद' लिहिलं आणि प्रत्यक्षात सुतळी बांधून माझ्या सहीची चिठ्ठी चिकटवली आणि स्क्रीनसकट सगळं ठाण्याच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. अशी कामं आम्ही रोज करत होतो.

ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई हुबळीच्या, चाळिशीच्या. महिला कॉन्स्टेबलसमोर त्यांना बसवलं. 'नमस्कार सर' म्हणाल्या तेव्हाच आवाज ओळखला. मी फक्त धुळीतल्या बोटांच्या मागांचा पंचनामा टेबलावर ठेवला. बाई रडायला लागल्या.

"मॅनेजरसाहेबांनी फाइल पुसायला लावली, सर. गार्ड त्यांच्याच पासवर्डने बंद केलेलं होतं. केबल त्यांनीच काढली. मी फोन केला हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल."

जबाब झाला. वाटलं, केस हातात आली.

चार दिवसांनी खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी बंदुका, जीप, वायरलेस, झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. आणि यंत्र चालू असावं लागतं, बंद यंत्राची पूजा करत नाहीत. आमच्या हेड कॉन्स्टेबलने भक्तिभावाने होतं नव्हतं ते सगळं मांडलं. मी आरती ओवाळली, प्रत्येक यंत्राला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, प्रसाद खाल्ला आणि बंदोबस्ताला गेलो.

दुपारी परतलो तर कोपऱ्यातल्या एका स्क्रीनवर लिहिलेलं होतं: अपडेट सुरू आहे, मशीन बंद करू नका. झेंडूची माळ बाजूला केली. खाली माझी सही.

"साहेब, मुद्देमाल झाला तरी यंत्रच की वो," हेड कॉन्स्टेबल म्हणाला. सुतळी मी बांधली होती.

शिक्षकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कधीपासून चालू आहे?" मी म्हणालो, सकाळपासून. "मग आता कशाची नक्कल करू?" ते म्हणाले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: फाइल मिळून आली नाही. कोर्टात बाईंनी जबाब फिरवला, पोलिसांनी दमदाटी करून लिहून घेतलं म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना पोट होतं. मला तर पगार आणि वर्दी दोन्ही होती. वकिलाने विचारलं, जप्तीपासून सील शाबूत होतं? मी शपथेवर 'हो' म्हणालो. खरं बोललो असतो तर खात्याची अब्रू गेली असती आणि माझी चौकशी लागली असती. माझ्या त्या एका 'हो'मुळे कोर्टाने गृहीत धरलं की अशी फाइल कधी नव्हतीच. मॅनेजर सुटला. निकालपत्रात मयताचा निष्काळजीपणा नोंदला गेला.

या केसने काय शिकवलं असं कुणी विचारलं तर सांगतो. गुन्हेगार पुरावा घाईघाईत मोडतो, म्हणून धुळीत माग सोडतो. आम्ही मोडतो तेव्हा त्यावर सही-शिक्का असतो, आणि सही-शिक्क्यावर कुणी संशय घेत नाही. हे शिकायला एका मेलेल्या माणसाचं नाव खराब व्हावं लागलं, याची मला लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर तिच्या गावी गेलो. अंगणात बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे फाइल होती, हे तुमाला ठाऊक होतं?"

"होतं."

"माझा माणूस हावरा न्हवता, हे बी?"

"हो, अक्का."

ती म्हणाली, "मग एवढी वर्सं गावभर मी एकटीच कशाला सांगत फिरले, अण्णा?"