दुसरा भाग रोह्याला होता

त्या वर्षी सुट्ट्या लागायच्या आधी रोह्याला आम्हा ग्रंथालय कर्मचाऱ्यांचं शिबिर झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना वाचनालयात कसं आणायचं, हा विषय. मी तेव्हा पेणच्या एका सार्वजनिक वाचनालयात सहाय्यक होते. नवरा नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी दिवसभर वाचनालयात असायचे. वर्तमानपत्रं दोऱ्यात ओवून ठेवायची, पेन्शनर मंडळींना त्यांच्या त्यांच्या खुर्च्या सांभाळून द्यायच्या, हेच माझं काम होऊन बसलं होतं. त्यामुळे शिबिरात मिळालेली पुस्तिका मी येताना एसटीतच वाचून काढली. गोष्टीचा तास कसा घ्यावा, कोणत्या वयाला काय वाचायला द्यावं, वाचलेल्यावरून चित्रं कशी काढून घ्यावीत, असं बरंच काही तीत होतं.

रोह्याच्या ग्रंथपालांनी जेवणाच्या सुट्टीत मला त्यांचा बालविभाग दाखवला होता. "एखादं पुस्तक तुमच्याकडे नसेल तर चिठ्ठी पाठवा. कंडक्टरबरोबर देईन पाठवून," असं म्हणाले. आमच्या वाचनालयात फोन नव्हता, म्हणून मी त्यांना समोरच्या औषधाच्या दुकानाचा नंबर दिला.

मे महिन्यात आम्ही सुरुवात केली. गावातली मुलं आली, आणि खाडीकडच्या एका गावातली चार-पाच पोरंही येऊ लागली. त्यांच्या आया सुकी मासळी घेऊन सकाळी बाजारात यायच्या. पोरांना आमच्याकडे सोडायच्या आणि दुपारच्या एसटीला परत घेऊन जायच्या. गर्दी झाली की त्यांच्यातली एखादीच बाई सगळ्यांच्या पोरांना मोजून गाडीत चढवायची.

त्यांच्यात एक मुलगी होती, पाचवी झालेली. बाप मिठागरात कामाला. ती गोष्टीच्या तासाला बसायची, पण चित्र काढायला सांगितलं की हळूच उठून कपाटाकडे जायची. तिथं तिला दीपगृहावर राहणाऱ्या दोन भावंडांची गोष्ट सापडली. आमच्याकडे तिचा पहिलाच भाग होता. तो संपतो तेव्हा धाकटा भाऊ होडीतून भरकटलेला असतो आणि बहीण वर दिव्यापाशी उभी असते.

"फुडचं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"दुसरा भाग रोह्याला आहे. मागवते मी."

मी चिठ्ठी पाठवली. पुस्तक वाचकाकडे आहे, परत आलं की पाठवतो, असं उत्तर आलं. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचे. एकदा तिनं विचारलं, "रोहा किती लांब हाय?" मी म्हटलं, "नागोठण्याच्या पुढे. एसटीनं तास-दीड तास."

एवढंच आमचं बोलणं. पुढे याच वाक्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्यानंतरच्या एका दुपारी ती नेहमीसारखी बाहेर पडली. मुलांना मोजणाऱ्या बाईला तिनं सांगितलं, आई आज उशिरा निघणार आहे, मी तिच्याबरोबर येईन. आईला आधीच सांगून ठेवलं होतं की मी सगळ्यांबरोबर जाईन. आई दिवस कलताना घरी पोचली, तर पोरगी घरात नाही. ती तशीच मिळेल त्या टेम्पोनं परत पेणला आली. मी वाचनालय बंद करत होते.

"बाई, माजी पोर कुठाय?"

आम्ही दोघी स्टँडवर गेलो, मासळी बाजारात गेलो, देवळामागे पाहिलं, तळ्यापाशीही पाहिलं. तळ्याच्या पायरीवर ती बाई मटकन बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. मी तिला हाताला धरून उठवलं. तोवर गावातून तिचा दीर आणि आणखी चार-सहा पुरुष येऊन पोचले. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "पोरं गोला करता आनि कुठं धाडता?" बाजारात कोणीतरी बोललंही होतं, मुलगी पळवली म्हणून.

पोलिसांत जायला आम्ही निघालो, तेवढ्यात औषधाच्या दुकानातला माणूस धावत आला. रोह्याहून फोन होता.

"तुमची एक वाचक माझ्याकडे बसलीय," ग्रंथपाल म्हणाले. "दुपारी आली. म्हणाली, पेणच्या बाईंनी पाठवलंय. बरोबर कोणी मोठं असेल असं मला वाटलं. आता बंद करायची वेळ झाली तरी कोणी येईना, तेव्हा विचारलं. तर एकटीच आलीय."

मी रिसीव्हर तिच्या आईच्या कानाला लावला. मुलीचा आवाज ऐकून ती घळाघळा रडली.

आम्ही दोघी रोह्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुलगी बाकावर पाय वर घेऊन बसली होती. ग्रंथपालांच्या घरून आलेला डबा शेजारी तसाच झाकलेला होता. ते पुस्तक आदल्याच दिवशी परत आलं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पेणला पाठवायला त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. आईनं मुलीचं मनगट धरलं ते पेण येईपर्यंत सोडलं नाही. मी माझ्या नावावर पुस्तक घेतलं.

नागोठणं गेल्यावर आई म्हणाली, "काय हाय गो त्याच्यात येवढं?"

मुलगी आधी घाबरत, मग भरभर सांगू लागली. दीपगृह, बाप आजारी, वादळ, होडी. आई खिडकीबाहेर बघत होती, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं.

"मंग तो पोर गावला का?"

"अजून नाय. तुमी मदीच आलात."

आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला जवळ ओढलं. मी तोंड फिरवून घेतलं.

पेणच्या स्टँडवर गावचे पुरुष थांबले होते. बाप सगळ्यांच्या मागे सायकल धरून उभा होता. त्यानं मुलीला कॅरिअरवर बसवलं आणि निघून गेला. बोलले ते बाकीचे. मी ऐकून घेतलं. एवढ्या लोकांसमोर मान खाली घालून उभं राहायची माझ्यावर तोवर वेळ आली नव्हती.

दोन दिवसांनी कार्यकारी मंडळाची बैठक झाली. कार्यवाह माझ्यावर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाहेरगावच्या मुलांची जबाबदारी आपण कशी घ्यायची? पालक बरोबर बसणार असतील तर येऊ देत."

"त्यांचे पालक मिठागरात आणि बाजारात असतात," मी म्हटलं. "ते येऊन कधी बसणार?"

"मग नाइलाज आहे."

मी बरीच वादावादी केली. मुलांना आणायला-सोडायला एखादा माणूस ठेवा म्हटलं, वेळ बदला म्हटलं. शेवटी एक वयस्कर सभासद म्हणाले, "बाई, ती पोरगी सापडली म्हणून आपण इथे बसून बोलतोय." ठराव झाला.

रविवारी मी पुस्तक घेऊन त्यांच्या गावी गेले. बाप मिठागरावर होता. पाऊस तोंडावर आलेला, त्यामुळे मीठ उचलायची घाई चालली होती. त्याच्या पायांना पांढऱ्या भेगा पडलेल्या. तो बांधावर येऊन उभा राहिला.

"तुमचा राग नाय, बाई," तो म्हणाला. "माजी पोर हुशार हाय, ह्ये मला बी कलतं. पन येकदा गेली ती परत आली. दुसऱ्यांदा येलच, आसं कोन सांगल?"

"मी सांभाळीन तिला."

"तवा बी तुमीच व्हता."

तो टोमणा नव्हता. त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. पुस्तक मात्र त्यानं घेतलं. हात लुंगीला पुसून घेतलं. "घरात बसून वाचू दे. पेनला नाय."

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. पंधरवड्यानं तिची आई बाजारात भेटली. मुलीला कोलाडला मामाकडे ठेवलंय, म्हणाली. मामाचं हायवेवर हॉटेल होतं, चहा-वडापावचं. गावात लोक बोलत होते. एकटी एसटीनं गेली, उद्या कुठं जाईल, म्हणून. तिकडे शाळा जवळ आहे, असंही ती म्हणाली. ते मला पटवत होती की स्वतःला, ते काही कळलं नाही.

श्रावणात माणगावला एका घरी सत्यनारायणाला जाताना मी कोलाडला उतरले. हॉटेल शोधायला वेळ लागला नाही. ती टेबलं पुसत होती. मला बघून क्षणभर हसली आणि मग तिनं आधी आत बघितलं.

"शाळेत जातेस ना?"

"जाते. सकालची हाय."

"वाचतेस काही?"

"मामी वरडते. दिवा जलतो म्हनते." मग जरा थांबून म्हणाली, "मामा चांगला हाय पन."

तिनं मला चहा आणून दिला. पैसे घेतले नाहीत. ट्रकवाले येऊन बसले तशी ती तिकडे गेली आणि मी उठले.

पुढच्या मेमध्ये वाचनालयात गावातली मुलं आली. पालकांच्या सह्यांचे कागद जमा झाले, फोटो निघाले, कार्यवाह खूश होते. खाडीकडून एकही मूल आलं नाही. मी मंडळाला न विचारता दर रविवारी दोन पिशव्या भरून पुस्तकं त्या गावात न्यायला लागले आणि मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मांडायला लागले. सुरुवातीला नुसते मुलगेच आले. मुली दारातून बघायच्या. कोणी हाक मारली की आत जायच्या.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिची आई आली. कडेवर धाकटी होती. ओट्याच्या टोकाला बसली.

"तिला आनूया म्हनते मी परत," ती म्हणाली. "तिचा बा नाय म्हनतो. मामाला बी सवय झालीय आता तिची."

धाकटी चित्रांच्या पुस्तकाची पानं ओढत होती. आईनं तिचे हात धरले आणि मला म्हणाली, "वाचा की. जरा मोठ्यानं वाचा, त्या दारातल्या पोरींना बी ऐकू जाऊ द्या."

मी वाचायला लागले. पाऊस सुरू होईपर्यंत दोन मुली ओट्यापर्यंत आल्या होत्या. कोलाडची मुलगी सातवीपर्यंत शिकली आणि तिथेच राहिली.