किती वर्षं भांडी घासलीस?

त्या दिवशी मी होते, माझा मुलगा सुरेश, सूनबाई, नात तन्वी आणि आमच्याच गाइडबरोबर फिरणारी एक चिनी म्हातारी. सिंगापूरच्या म्युझियममध्ये जुन्या रोमन लोकांच्या वस्तू आल्या होत्या. त्या बघायच्या आणि मग हॉकरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवायचं, अशी दिवसाची सहल.

गाइड सोन्याच्या बांगड्या दाखवत होता. म्हातारी मात्र एका काळ्या तव्यापाशी वाकून त्याचं बूड बघत राहिली. दोन हजार वर्षांचा तवा, आणि हिनं काचेबाहेरून घासल्यासारखा हात फिरवला. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. मला हसू आलं.

जेवल्यावर मी सवयीनं सगळ्यांच्या ताटल्या रचल्या, मोठीवर लहान, चमचे एका बाजूला. म्हातारी उठून आली. माझी राखेनं खाल्लेली बोटं धरून उलटीसुलटी बघितली आणि काहीतरी विचारलं.

तन्वी शाळेत चिनी शिकते; ती म्हणाली, "आजी, ती विचारतेय, तू किती वर्षं भांडी घासलीस? ती हॉकरला हेच काम करते."

सुरेशनं लग्नाच्या वेळी सूनबाईला सांगितलेलं, आई शाळेत नोकरीला होती.

"काहीतरीच! आई शाळेत होत्या," सूनबाई हसली. सुरेश मान वर करेना. मी दुसऱ्या हातानं चमचे सारखे करत राहिले. म्हातारीनं माझा हात हळूच टेबलावर ठेवला आणि आमचा ट्रे उचलून गेली.

नवरा गेल्यावर मी सात घरची भांडी घासली. सुरेश त्यावरच शिकला.

वाकड्या बोटाची ती बाई कुठल्या हॉकरला दिसली, तर तिला एवढं सांगा. एकतीस वर्षं.