सोयरीक झालेला माठ

आमच्या घरात पहिली पदवीधर मी. भातकुलीकडच्या आमच्या गावात आईला आता 'सिस्टरची माय' म्हणतात, अन् मला ते आवडतं. नोकरी अकोल्याला, शहरातल्या आरोग्य केंद्रात.

मागच्या मे महिन्यात उड्डाणपुलाखाली राहणारी एक बाई तिची लहान पोर घेऊन आली. न्यूमोनियाची सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, औषधानं जमेल, पण छाती उडायला लागली तर भरती करावं लागेल. औषध पाण्यात कालवायचं अन् थंड जागी ठेवायचं, नाहीतर उन्हात त्याचा जोर जातो.

"फ्रिजमध्ये ठेवा," डॉक्टर सवयीनं बोलून गेले.

बाई हसली. "आमाले भिंतच नाई साहेब. फ्रिज कायले टेकवू?"

आमच्या घरी फ्रिज आला तो माझ्या पगारातून. त्याआधी सगळं माठाच्या गारव्यात. मी म्हटलं, "ओल्या माठात लटकव."

"माठ ठेवू कुठी? आमी कामावर गेलो का मांगं कोन पाह्यते त्याले?"

मग तिला घेऊन मीच पुलाकडे गेले. पुलाच्या तोंडाशी एक मावशी माठ विकते, रात्री तिथंच निजते. तिला सगळं सांगितलं. तिनं पुढच्या रांगेतला मोठा माठ ओढला, पाणी भरलं, बाटली पिशवीत बांधून आत लटकवली.

"सकाळ-संध्याकाळ पोरीले घेऊन येजो," ती त्या बाईला म्हणाली. "नाई आली तर मी येईन, मंग शिव्या खाशीन."

घरी जाताना मी रोज तिथं थांबायची, पोरीची छाती बघायची. एकदा एका गिऱ्हाइकानं नेमका तोच माठ मागितला.

"तो नाई भेटत," मावशी म्हणाली.

"मंग इथं मांडला कावून?"

"सोयरीक झाली त्याची. वऱ्हाड यायचं हाय न्याले."

माठाचा धंदा उन्हाळ्याचाच. त्यात आपला सगळ्यात चांगला नग तिनं अडवून ठेवला होता, अन् आपण केवढे उपकार केले असं एकदाही बोलून दाखवलं नाही. अशी माणसं आमच्या वऱ्हाडातली, हे मी कुठंही छाती ठोकून सांगते.

बाटली संपली त्या संध्याकाळी मी गेले तर पोर माठांना टिचक्या मारत फिरत होती. धरून बसवली. श्वास संथ, छाती मोकळी.

"फोडशीन ना वो माय," मावशी तिच्यावर ओरडली. मग पुढ्यातल्या गिऱ्हाइकाकडे वळली अन् तोच मोठा माठ पुढं सरकवला. "हा घ्या. दवाखान्यानं पास केलेला माठ हाय. इचारा या सिस्टरले."

मी मान डोलावली.