उघड्या दारातली सुलू

मुलगा दवाखान्यातून परत आला तेव्हा मी शेपू निवडत होते. चपला काढून तो पायरीवरच बसला. "आई, सुलूमावशी गेली," म्हणाला. मी उरलेली भाजी निवडत राहिले. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही... आता महिना उलटून गेला. थोडं लिहावं म्हटलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नाही. पण कागदापुढं लाजायचं कशाला.

सुलू माझी धाकटी बहीण. माहेरी भूकंपात आई-वडील गेले, ही ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. मी तिला लातूरला माझ्या घरी आणलं. घरामागं आम्ही पत्र्याचं शेड घातलं होतं. भीतीपायी तेव्हा पुष्कळांनी घातलं. बाकीचे हळूहळू घरात झोपायला गेले, सुलू शेडातच राहिली. तिथंच गायची, दार सताड उघडं टाकून. पुढं गल्लीत क्लासची पोरं खोल्या करून राहायला आली. त्यातला एक जण भिंतीवरून ओरडायचा, "ओ दीदी, उद्या टेस्ट हाय आमची! गाण्यावर मेडिकलला नंबर लागतो का?" "तुझा तरी कुठं लागलाय?" सुलू आतून म्हणायची, आणि आवाज बारीक करायची.

संगीत घेऊन ती नांदेडला कॉलेजात गेली, आणि खचली. शेजारच्या वर्गांना त्रास नको म्हणून संगीताच्या खोलीचं दार लावून घेत. दार लागलं की हिला धाप लागायची. हे तिनं फक्त मला सांगितलं. सरांना वाटायचं, रियाज कमी पडतोय. मग ही पहाटे उठून आणखी गायची आणि घसा बसवून घ्यायची. सुट्टीला आली की धड जेवायची नाही, नुसती पडून राहायची. "अक्का, सोडून देते. मला न्हाई जमत." मी म्हणायची, "सोड. पण एकदा शेडात बसून म्हण, मग सोड." ती म्हणायची, रडायची, आणि सोमवारच्या एसटीनं परत जायची. असं कितीदा झालं... लोक त्याला जिद्द म्हणतात. मला तर ती दमून आलेली आणि दमलेलीच परत गेलेली आठवते.

शेवटच्या परीक्षेला मी सोबत गेले. वाटेत अहमदपूरच्या स्टँडवर तिला चहासुद्धा गेला नाही. खोलीत बाहेरगावचे परीक्षक, तबलजी, तानपुरा. शिपायानं दार ओढलं. फटीतून मला दिसलं, सुलूनं तोंड उघडलं, आवाज नाही. आज ही अशीच उठली तर पुन्हा कधी गाणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी दार ढकललं आणि उंबऱ्यावर बसले. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. पण उठले असते तर दार परत लागलं असतं.

"बाई, दार लावू द्या," परीक्षक म्हणाले.

"भूकंपातली हाय ती, साहेब. दार उघडं असलं की गाती."

परक्या पुरुषाशी एवढं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी हातानंच शिपायाला राहू दे म्हणून खुणावलं. शेजारच्या वर्गात कुणी हजेरी घेत होतं. त्या गोंगाटात सुलूचा सा आला, आधी चिरका, मग ठाम. पहिली वगैरे आली नाही. पास झाली.

पुढं ती लातुरात शाळेत गाणं शिकवायची. संध्याकाळी शेडात क्लासच्या पोरी यायच्या, अभ्यासानं पिचलेल्या. "थोडं गा, मग जा, मर त्या पुस्तकात," म्हणून हसायची.

परवा त्यातली एक आली, हिमायतनगरची. गावाकडं होती, तिला कुणी कळवलं नव्हतं. "मॅडम न्हाईत आता," मी सांगितलं. ती शेडात जाऊन बसली आणि सा लावला. मध्येच थांबली.

"बरोबर लागला का, आजी?"

"मला कळत न्हाई, बाळा. पण म्हण."

पाठ दुखत होती, भाकरी व्हायच्या होत्या. तिचं होईपर्यंत मी बसून राहिले.