प्लास्टरचे दिवे

माझी आत्या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायची. आयुष्यभर तेच काम. आमच्या शहरातल्या निम्म्या लोकांचे हातपाय कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेले. बाजारात एखादा अनोळखी माणूस मध्येच थांबायचा, बाही वर करायचा आणि म्हणायचा, "बाई, ओळखलंत का? हा तुम्ही बसवलेला हात." आत्या तो हात उलटसुलट करून बघायची. "वळतोय ना नीट? मग झालं," म्हणायची आणि चालू लागायची. कुणी आभार मानायला लागलं की तिचा पाय तिथे ठरत नसे.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आत्या पंचविशीत होती. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, लांब पल्ल्याची बस चालवायचे. निम्मा आठवडा बाहेर, आणि घरी आम्ही लहान. म्हणून आजी आत्याकडेच राहिली. आत्याला स्थळं येत, ती "आधी आईचं बघू" म्हणून टाळत राही. मग स्थळं यायचीही थांबली. आजी गेली तोवर आत्याचे केस पिकले होते. लाँड्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायला लागली. दिव्याचा बल्ब बदलण्यापासून गॅसची टाकी जिन्यावरून वर चढवण्यापर्यंत सगळं स्वतः करायची. मदत करू म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू तुझं बघ."

रोपवाले तिच्या आयुष्यात आले ते घोटा मोडून. शहराबाहेर त्यांची रोपवाटिका होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जाळी बांधताना शिडीवरून पडले. आत्याने त्यांना प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. तपासणीला आले तेव्हा प्लास्टर मातीने बरबटलेलं.

"यात आता काही उगवलं तर माझ्याकडे येऊ नका," आत्या म्हणाली.

प्लास्टर निघालं, पण ते येतच राहिले. दर वेळी हातात एक रोप. प्लास्टर रूमच्या खिडकीत कुंड्यांना जागा उरेना. आत्याचे कामावरचे जोडीदार, ज्यांना सगळे बुवा म्हणत, तेही तिथे बरीच वर्षं होते. ते एकदा म्हणाले, "बाई, या माणसाचं हाड कधीच जुळलंय. आता तो दुसरं काहीतरी जुळवायला येतोय."

आत्याने आम्हाला सांगितलं ते रविवारी, जेवता जेवता. "मी लग्न करतेय."

बाबांचा हात ताटातच थांबला. "या वयात?"

"त्या वयात वेळ नव्हता, दादा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मीठ मागावं तसं ती बोलली होती. पण बाबांनी त्यानंतर पुन्हा भात घेतला नाही.

लग्न रोपवाटिकेतल्या लाकडी शेडमध्ये करायचं ठरलं. हॉल तिला नकोच होता. "हॉलमध्ये दवाखान्यासारखं वाटतं. ट्यूबलाइट, खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक जण आपला नंबर कधी लागतो म्हणून बसलेला." दोघांनी सगळ्यांसमोर चार शब्द बोलायचे, सह्या करायच्या, मग जेवण, एवढंच. सजावट मात्र तिने मनावर घेतली होती. टेबलांवर धुऊन इस्त्री केलेलं गोणपाट. त्यावर डब्यांत लावलेली रोपं, येणाऱ्या प्रत्येकासाठी एक, मातीत खोचलेल्या काडीवर त्याचं नाव. आणि वर आडव्या वाशांवरून लोंबणारे प्लास्टरचे दिवे.

दिव्यांची कल्पना तिचीच. मुदत संपलेल्या प्लास्टरच्या गुंडाळ्या दवाखाना टाकून देणार होता, त्या तिने रीतसर विचारून आणल्या. फुगा फुगवायचा, त्याला व्हॅसलीन चोळायचं, गुंडाळी पाण्यात बुडवून हलकी पिळायची आणि फुग्यावर थरावर थर द्यायचे. घट्ट व्हायच्या आत बारीक भोकं पाडायची. वाळलं की फुगा फोडायचा आणि आत छोटा बल्ब सोडायचा. पहिला दिवा तिने मला लावून दाखवला. खोलीच्या भिंतींवर उजेडाचे ठिपके पसरले. मी म्हटलं, मी येते उरलेले करायला. उत्तर तेच, "तू तुझं बघ." रोपवाल्यांनाही तिने सांगितलं होतं, "तुम्ही रोपं बघा, दिवे माझे."

दोऱ्या किती लांब लागतील ते मोजायला ती एकटीच शेडमध्ये गेली आणि पालथ्या क्रेटवर चढली. क्रेट सरकला. तोल सावरायला तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बुवा तिला प्लास्टर घालत होते आणि तिचं सूचना देणं चालू होतं. "अंगठ्यापाशी घडी पडली. अजून ओलं आहे तोवर काढा."

"बाई, आज तुम्ही पेशंट. पेशंटने गप्प बसायचं असतं, हे मला तुम्हीच शिकवलंत."

तिने हात सैल सोडला. बुवा तळव्याने प्लास्टर गुळगुळीत करत राहिले. थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले. दुखतंय का, म्हणून बुवांनी विचारलं.

"नाही हो. ऊब लागतेय. इतकी वर्षं लोकांना सांगत आले, थोडं गरम वाटेल, घाबरू नका. कसं वाटतं ते आज कळलं." मग म्हणाली, "बरं वाटतं."

घरी आल्यावर मात्र तिचं अवसान गळालं. झग्याची बटणं लावता येईनात, वेणी घालता येईना. खोलीत तयार दिवे चार-पाच, आणि गुंडाळ्यांचं खोकं अजून भरलेलं. "पुढे ढकलू," ती म्हणाली. "हात सुटला की करू सगळं." रोपवाले शेजारी बसले होते. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. पण मला दिवे नसले तरी चालेल." आत्या म्हणाली, "मला नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बादली घेऊन तिच्या दारात उभे राहिले. मी मागे होते.

"सांग, कसं करायचं ते," बाबा म्हणाले.

"दादा, तुला नाही जमणार. तू तुझं—"

"माझं बघून झालंय. तू सांग."

तिने सांगितलं. बाबांनी गुंडाळी इतकी पिळली की निम्मं प्लास्टर बादलीतच गेलं. पहिला दिवा वाळायला ठेवल्यावर आत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे काय आहे?"

"दिवा."

"बटाटा वाटतो."

"मग बटाट्यात बल्ब लावू."

आत्या हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच.

बातमी बुवांनी पसरवली असणार. संध्याकाळी वॉर्डातल्या दोन नर्स आल्या. खालचे लाँड्रीवाले दुकान बंद करून वर आले, आणि गोणपाटाची इस्त्री आपल्याकडे लागली असं त्यांनीच जाहीर केलं. मग असे लोक यायला लागले ज्यांना मी ओळखतही नव्हते. एक बाई आपलं कोपर दाखवत म्हणाली, "हे यांनी बसवलंय, म्हणून आले." आत्या मोडका हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसलेली. आधी ती प्रत्येकाला टोकत होती. इथे पातळ झालं, तिथे जाड झालं. मग हळूहळू तिने टोकणं सोडलं. एकदा ओल्या प्लास्टरखालीच फुगा फुटला आणि लाँड्रीवाल्यांचा चेहरा पांढरा झाला. जिन्यावर खालपर्यंत पांढरी पावलं उमटली होती.

सगळे गेल्यावर बाबा हात धुवायला निघाले. "सिंकमध्ये नको, तुंबतं. बादलीत धू," आत्या म्हणाली. बाबा बादलीवर वाकले. मी फुग्यांचे तुकडे गोळा करत होते.

"आईचं सगळं तू केलंस," बाबा एकदम म्हणाले.

"जुनं कशाला काढतोस?"

"काढत नाही. कधी बोललोच नव्हतो. मी बस घेऊन निघायचो तेव्हा आईची काळजी माझ्यासोबत नसायची, कारण तू होतीस. माझी नोकरी तुझ्यामुळे झाली. पोरं शिकली. मी ते धरूनच चाललो होतो." बाबा वर बघत नव्हते. "आपलं कसं, चार लोकांत बोलायला जमत नाही मला. म्हणून आज बोललो."

एरवी आत्या तिथून उठून गेली असती. ती उठली नाही.

"तुला लग्न करायचं होतं का गं तेव्हा?" बाबांनी विचारलं.

तिने विचार करून उत्तर दिलं. "एका स्थळाच्या वेळी वाटलं होतं. थोडे दिवस वाईट वाटलं. पण आईपाशी राहिले याचं कधी वाईट वाटलं नाही, दादा. ती शेजाऱ्यांच्या अशा नकला करायची, पडल्या पडल्या. तुम्हा कुणाला नाही दिसली ती आई. मला एकटीला मिळाली." मग ती खुर्चीवरून उठली, बादलीशी येऊन बसली. "नखांतलं नीट काढ. वाळलं की निघत नाही," म्हणाली, आणि डाव्या हाताने बाबांची बोटं चोळायला लागली. मी खिडकीकडे तोंड करून फुग्यांचे तुकडे गोळा करतच राहिले, जमिनीवर एकही उरला नव्हता तरी.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. दुपार कलली तसा शेडमध्ये उजेड मऊ झाला, ओल्या मातीचा वास सुटला होता. कुंड्यांच्या रांगा बाजूला सरकवून टेबलं मांडली होती. प्रत्येक जण काड्यांवर आपलं नाव शोधत फिरत होता, सापडलं की दुसऱ्याला दाखवत होता. सह्यांच्या वेळी आत्याने डाव्या हाताने सही केली. नोंदणीवाले साहेब ती बघून म्हणाले, "ही तुमचीच ना?" रोपवाले म्हणाले, "साहेब, आज सगळं यांचंच आहे." त्या दिवशी ते एवढंच बोलले.

अंधारून आल्यावर दिवे लावले. एकासारखा दुसरा नव्हता. काही चपटे, काही लांबुडके. एकाला भोकंच पाडायची राहिली होती, तो नुसताच अंधुक चमकत होता. आत्या उभी राहिली. बोलायची सवय नसल्यामुळे तिने टेबलाची कड धरली.

"मला आभार मानता येत नाहीत आणि ऐकताही येत नाहीत," ती म्हणाली. "हे सगळं मी एकटीने करणार होते. केलं असतं तर दिवे सारखे झाले असते. आता बघा." तिने प्लास्टरमधला हात वर केला. "हा हात बुवांचा. तो दिवा लाँड्रीवाल्यांचा, फुगा फुटल्यानंतरचा. तो कोपरवाल्या बाईंचा. हा दादाचा." एकेक दिवा दाखवत ती शेडच्या टोकापर्यंत गेली, एकही चुकली नाही. परत येऊन म्हणाली, "तुम्ही आलात. मी बोलावलं नव्हतं तरी आलात. मला फार बरं वाटलं." आणि बसली. बाबा बराच वेळ चष्मा पुसत होते.

आता आत्या रोपवाटिकेतल्या घरात राहते आणि तिथून बसने दवाखान्यात जाते. परवा संध्याकाळी ती आमच्याकडे आली होती. चहा होतोय तोवर फोन वाजला. तिने दोन शब्दांत उत्तर देऊन तो ठेवला.

"कधी निघताय म्हणून विचारत होते," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी घरी कधी पोचते ते कुणाला सांगावं लागलं नव्हतं."

"मग? जाच वाटतो का?" बाबांनी विचारलं.

"रोज विचारतात," आत्या म्हणाली. "आणि मला रोज छान वाटतं." तिने चहा बशीत ओतला, भरभर फुंकून प्यायली आणि पिशवी उचलली. बाबा तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले.